घरच्या क्लस्टरवरचे सर्व्हरलेस

सर्व्हरलेस फंक्शन म्हणजे एकच ठरावीक काम करणारा, काही घडले की जागा होणारा आणि काम संपले की बाजूला होणारा कोडचा छोटा तुकडा. फोटो अपलोड झाला की त्याची लहान प्रत बनवणे, रांगेत नवा संदेश आला की तो तपासून पुढे धाडणे, रोज पहाटे अहवाल काढणे अशी ही कामे. कोड लिहिणाऱ्याने फंक्शन द्यायचे. ते कोणत्या यंत्रावर चालेल, एका वेळी त्याच्या किती प्रती लागतील आणि कोणी हाक मारत नसेल तेव्हा त्याचे काय करायचे, हे यंत्रणेने पाहायचे, असा त्यामागचा करार असतो. सर्व्हर अर्थातच असतो, फक्त तो दुसऱ्याचा असतो. तेच फंक्शन लॅपटॉपवर, कार्यालयातल्या दोन-चार यंत्रांवर किंवा प्रयोगशाळेतल्या कंटेनर क्लस्टरवर चालवायचे ठरले की कराराची दुसरी बाजूही आपल्याच अंगावर येते. फंक्शन देणारा आणि ते सांभाळणारा एकच होतो. स्थानिक सर्व्हरलेसचे फायदे आणि त्यातल्या बहुतेक कटकटी या एका बदलातून निघतात.

या कल्पनेचे दोन धागे एकाच वर्षी पुढे आले. जून २०१४ मध्ये गूगलने अनेक यंत्रांवर कंटेनर चालवून सांभाळणारे कुबरनेटिस जाहीर केले. कंपनीत आतल्या आत बरीच वर्षे चाललेल्या बोर्ग या व्यवस्थेचा अनुभव त्यामागे होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ॲमेझॉनने लॅम्डा ही फंक्शन चालवणारी क्लाउड सेवा आणली. कुबरनेटिसचा सगळा भर कंटेनरवर होता. प्रोग्रॅम, त्याच्या लायब्ररी, सेटिंग असा सगळा संसार एका पेटीत भरायचा आणि ती पेटी कोणत्याही यंत्रावर उतरवायची. ही पेटी बांधण्याचे सोपे साधन २०१३ मध्ये डॉकरने सर्वसामान्य प्रोग्रॅमरच्या हाती दिले होते. लॅम्डाचे म्हणणे याच्या उलट: पेटीबिटी काही नको, नुसता कोड द्या. सुरुवातीला तिथे फक्त नोड-जेएस चालत असे आणि आकारणी १०० मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी होई. डिसेंबर २०२० मध्ये ती एका मिलिसेकंदावर आली, आणि त्याच महिन्यात लॅम्डाने १० जीबीपर्यंतच्या कंटेनर इमेज स्वीकारायला सुरुवात केली. पेटी नको म्हणणाऱ्यांनीही अखेर पेटी घेतली. कुबरनेटिसच्या बाजूला तोवर नेमकी उलटी ओढ निर्माण झाली होती. पेट्या, त्यांना एकत्र धरणारे पॉड, त्यांना पत्ता देणाऱ्या सर्व्हिस, बाहेरची विनंती आत आणणारे इनग्रेस यांच्या यामेल फायली लिहून थकलेल्यांना नुसता कोड देऊन मोकळे व्हायचे होते. २०१६ ते २०१८ या काळात क्लस्टरवर बसणाऱ्या सर्व्हरलेस यंत्रणांचे जे पीक आले, ते या ओढीतून.

शून्याची किंमत

स्थानिक क्लस्टरवर फंक्शन चालवण्याची कारणे अनेक सांगितली जातात: क्लाउडवर चढवण्याआधी घरीच चाचणी घेता यावी, रुग्णांची किंवा ग्राहकांची माहिती आवाराबाहेर जाऊ नये, इंटरनेट तुटले तरी काम चालू राहावे, एकाच क्लाउड कंपनीशी बांधले जाऊ नये. ही सगळी कारणे टिकतात. पैसे वाचतात हे कारण मात्र सर्वांत लंगडे आहे, आणि तेच सर्वांत जास्त ऐकू येते.

क्लाउडवर सर्व्हरलेसचे आकर्षण शून्यात आहे. फंक्शनला कोणी हाक मारली नाही तर त्याच्या प्रती शून्य आणि बिलही शून्य. खानावळीत जेवलेल्या ताटाचे पैसे पडतात, गावी गेलेल्या दिवसांचे पडत नाहीत. घरच्या स्वयंपाकघरात मात्र गॅस, भांडी आणि डब्यातले तांदूळ आधीच विकत घेतलेले असतात; एक दिवस चूल पेटली नाही म्हणून ते पैसे परत येत नाहीत. स्वतःच्या यंत्राचेही तसेच आहे. फंक्शन शून्यावर गेले तरी यंत्र चालूच राहते आणि क्लस्टरचा स्वतःचा कारभार मेमरी खातच राहतो.

शून्याला इथे वेगळ्या कारणाने अर्थ येतो. मोकळी झालेली जागा दुसऱ्या कोणाला वापरता आली तरच तो फायदा. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युर फंक्शनच्या वापरावर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की ८१ टक्के ॲप्लिकेशनना सरासरी मिनिटाला एकदा किंवा त्याहूनही कमी वेळा हाक येते. म्हणजे बहुतेक फंक्शन बहुतेक वेळ झोपलेली असतात. समजा एका यंत्रावर अशी ५० फंक्शन आहेत आणि प्रत्येकाला १२८ एमबी मेमरी लागते. सगळी कायम जागी ठेवली तर ६,४०० एमबी गुंतून पडतात. ८ जीबीच्या लॅपटॉपवर मग ब्राउझर उघडायलाही जागा उरत नाही. एका वेळी पाचच जागी असतील तर ६४० एमबीत काम भागते. शिवाय कुबरनेटिसमध्ये एका नोडवर, म्हणजे क्लस्टरमधल्या एका यंत्रावर, मुळात ११० पॉडचीच मर्यादा असते, आणि त्यातले काही क्लस्टरचे स्वतःचे असतात. थोडक्या यंत्रांवर पुष्कळ, पण क्वचित लागणारी कामे बसवायची असतील तर शून्यावर जाणे उपयोगाचे. तीन-चारच फंक्शन असतील आणि ती दिवसभर राबत असतील, तर साध्या कंटेनरवर ही सगळी यंत्रणा चढवणे म्हणजे उगाच व्याप.

क्लस्टर कोणता

लॅपटॉपवरच्या क्लस्टरसाठी साधने बरीच आहेत, पण त्यांचा मूळ हेतू वेगवेगळा असल्याने निवड आपोआप होते. मिनिक्यूब २०१६ पासून आहे. ते व्हर्च्युअल मशीनमध्ये किंवा डॉकरमध्ये एक नोड उभा करते आणि इमेज साठवणारी रजिस्ट्री, इनग्रेस यांसारख्या जोडण्या एका आदेशात देते. शिकणाऱ्याला ते सोयीचे. काइंड हे कुबरनेटिसच्याच चाचणीसाठी बनले. त्यात प्रत्येक नोड हाच एक डॉकर कंटेनर असतो, त्यामुळे क्लस्टर मिनिटाभरात उभा राहतो, तितक्याच लवकर मोडता येतो आणि स्वयंचलित चाचण्यांमध्ये चपखल बसतो. रँचर लॅब्जने २०१९ मध्ये आणलेले के-थ्री-एस हे खऱ्या वापरासाठीचे छोटे कुबरनेटिस. त्याची सगळी यंत्रणा १०० एमबीहून लहान एका फाइलमध्ये मावते, एकट्या नोडवर ते क्लस्टरची माहिती ठेवायला एटसीडीऐवजी एस-क्यू-लाइट वापरते, आणि ट्रॅफिक हा इनग्रेस व छोटा लोड बॅलन्सर सोबत घेऊनच येते. रास्पबेरी पायवर किंवा दुकानाच्या मागच्या खोलीतल्या जुन्या पीसीवर कायमचा क्लस्टर हवा असेल तर बहुतेक जण इथेच येतात. तेच डॉकरच्या आत चालवणारे के-थ्री-डी, आणि उबुंटूवाल्या कॅनॉनिकलचे मायक्रो-के-एट-एस हे आणखी दोन पर्याय.

कोडपासून पेटीपर्यंत

फंक्शन क्लस्टरवर कसे पोचते याच्या दोन रीती आहेत, आणि यंत्रणांमधला खरा फरक इथे आहे.

पहिल्या रीतीत प्रत्येक फंक्शनची स्वतंत्र इमेज बनते. ओपनफास आणि केनेटिव्ह या यंत्रणा याच मार्गाने जातात. ॲलेक्स एलिस यांनी २०१६ च्या अखेरीस सुरू केलेले ओपनफास आधी डॉकर स्वॉर्मवर चाले, नंतर कुबरनेटिसवर स्थिरावले. त्याच्या प्रत्येक इमेजमध्ये वॉचडॉग नावाचा एक छोटा प्रोग्रॅम असतो. बाहेरून आलेली एचटीटीपी विनंती तो घेतो आणि फंक्शनच्या हवाली करतो. जुना वॉचडॉग प्रत्येक विनंतीला नवी प्रोसेस सुरू करून मजकूर तिच्या स्टँडर्ड इनपुटवर ओतत असे आणि आउटपुट परत पाठवत असे. नव्वदच्या दशकातील सीजीआय स्क्रिप्ट ज्यांनी लिहिल्या त्यांना हे वाचून ओळखीचे हसू येईल. या पद्धतीत शेल स्क्रिप्टपासून कोबोलपर्यंत काहीही फंक्शन होऊ शकते. पण दर वेळी नवी प्रोसेस हा खर्च मोठा. म्हणून नवा वॉचडॉग फंक्शनची प्रोसेस जिवंत ठेवतो आणि विनंत्या तिच्याकडे वळवतो. डेटाबेसची जोडणी एकदा उघडून पुन्हापुन्हा वापरणे त्यामुळेच शक्य झाले.

दुसऱ्या रीतीत इमेज बनवायचीच नाही. भाषेचे वातावरण असलेला तयार कंटेनर आधीच चालू ठेवायचा आणि हाक आली की कोड त्यात सोडायचा. प्लॅटफॉर्म-नाइन या कंपनीने २०१७ च्या सुरुवातीला जाहीर केलेले फिशन असे चालते. पुढे त्याच्या विकासात पुण्याच्या इन्फ्राक्लाउडमधील अभियंत्यांचा मोठा वाटा राहिला. फिशन पायथनचे किंवा नोडचे काही पॉड, सहसा तीन, गरम करून बाजूला ठेवते. विनंती आली की त्यांतला एक उचलून त्यात फंक्शन भरते. नव्या पॉडची जुळवाजुळव वाचल्यामुळे पहिले उत्तर साधारण १०० मिलिसेकंदांत मिळते असा त्याच्या कर्त्यांचा दावा आहे. स्थानिक क्लस्टरवर या रीतीचा मोठा फायदा वेगळाच आहे: इमेज बांधणे, रजिस्ट्रीत ढकलणे, नोडवर ओढणे ही सगळी वरात टळते. किंमत एवढीच, की तयार पॉड काम नसतानाही मेमरी अडवून बसतात. बिटनामीच्या क्यूबलेसने हाच विचार आणखी साधेपणाने केला होता. फंक्शनचा कोड सरळ कुबरनेटिसच्या कॉन्फिगमॅपमध्ये ठेवून तो कंटेनरला जोडला जाई. कॉन्फिगमॅपला एक एमबीची मर्यादा असल्याने छोट्या फंक्शनपुरते ते छान होते. बिटनामी व्हीएमवेअरकडे गेली आणि २०२१ च्या अखेरीस क्यूबलेसचे काम थांबले.

इमेजच्या वाटेवर नवख्यांची गाडी एकाच ठिकाणी अडते. लॅपटॉपवर इमेज बांधलेली असते, डॉकरच्या यादीत ती दिसतही असते, आणि तरी क्लस्टर 'इमेज-पुल-बॅकऑफ' म्हणून हात वर करतो. कारण क्लस्टरचा नोड हे दुसरेच घर असते. काइंडचा नोड स्वतः कंटेनर असून त्याच्या पोटात कंटेनर-डी हा कंटेनर चालवणारा प्रोग्रॅम स्वतंत्र चालतो. बाहेरच्या डॉकरच्या कोठीतले त्याला काहीही दिसत नाही. इमेज आत न्यावी लागते आणि त्यासाठी काइंड, मिनिक्यूब, के-थ्री-डी या तिघांनीही एकेका आदेशाची सोय केलेली आहे. तेवढ्याने भागेलच असे नाही. इमेजला 'लेटेस्ट' हे टॅग असेल तर कुबरनेटिस ठरल्याप्रमाणे दर वेळी रजिस्ट्रीकडेच विचारायला जाते, हाताशी इमेज असली तरी. म्हणून आवृत्तीचा ठोस टॅग द्यावा, किंवा ओढण्याचे धोरण 'नसेल तरच' असे बदलावे. केनेटिव्हमध्ये याहून एक गाठ जास्त आहे. टॅगमागे नेमकी कोणती इमेज आहे हे ते आधी रजिस्ट्रीला विचारून पक्के करते, आणि रजिस्ट्रीत नसलेल्या इमेजवर तिथेच थांबते. इमेजच्या नावाची सुरुवात 'डेव्ह-डॉट-लोकल' किंवा 'काइंड-डॉट-लोकल' अशी केली की ही चौकशी टळते. ही एक ओळ माहीत नसल्याने अनेकांची संध्याकाळ वाया गेली असेल.

रोजच्या कामासाठी क्लस्टरशेजारी छोटी रजिस्ट्री कंटेनर म्हणून चालवणे हा अधिक टिकाऊ उपाय. तिचा आणखी एक उपयोग होतो. नोव्हेंबर २०२० पासून डॉकर हबने निनावी वापरकर्त्यांवर दर सहा तासांना १०० इमेजची मर्यादा घातली आणि ती मोजली जाते आयपी पत्त्यावरून. कॉलेजच्या लॅबमध्ये तीस संगणक एकाच पत्त्यामागे असतील आणि सगळ्यांनी एकदम क्लस्टर उभे केले तर तासाभरात दार बंद होते. बाहेरची इमेज एकदाच आणून साठवणारी रजिस्ट्री मध्ये ठेवली की हा प्रश्न मिटतो.

प्रोसेसरचा मेळ ही शेवटची अडचण. ॲपलने २०२० मध्ये एम-वन चिप आणल्यापासून प्रोग्रॅमरच्या मांडीवर आर्म आणि सर्व्हरच्या खोलीत इंटेल-एएमडी अशी जोडी सर्रास दिसते. रास्पबेरी पायवर क्लस्टर असेल तर नेमके उलटे होते. एका जातीसाठी बांधलेली इमेज दुसरीवर 'एक्झेक फॉरमॅट एरर' म्हणून मान टाकते. इमेज दोन्ही जातींसाठी बांधणे हाच सरळ मार्ग.

हाक कशी पोचते

क्लाउडमध्ये फंक्शनला पत्ता आपोआप मिळतो. घरी तो द्यावा लागतो. 'लोड बॅलन्सर' प्रकारची सर्व्हिस मागितली की क्लाउड एक सार्वजनिक पत्ता हजर करतो. साध्या स्थानिक क्लस्टरवर असा पत्ता देणारे कोणीच नसते, म्हणून तिथे 'पेंडिंग' हा शब्द अनंतकाळ दिसत राहतो. मेटल-एलबी बसवून स्थानिक नेटवर्कमधले पत्ते वाटता येतात, मिनिक्यूबचा टनेल वापरता येतो, किंवा काइंडचा क्लस्टर उभा करतानाच यंत्राचे पोर्ट आत जोडून घेता येतात. मॅक आणि विंडोजवर डॉकर स्वतःच व्हर्च्युअल मशीनमध्ये असल्याने पोर्ट जोडण्याचाच मार्ग बहुधा चालतो.

ओपनफासमध्ये सगळी फंक्शन एकाच गेटवेमागे असतात आणि पत्त्यातल्या फंक्शनच्या नावावरून वाट ठरते, त्यामुळे गेटवेचे एक पोर्ट उघडले की काम झाले. केनेटिव्ह प्रत्येक सर्व्हिसला वेगळे होस्टनेम देते आणि नावावरून विनंती वळवते. घरच्या यंत्रावर एवढी डीएनएस नावे आणायची कुठून? त्यासाठी एस-एस-लिप-डॉट-आयओ ही सेवा वापरतात. नावातच लिहिलेला आयपी पत्ता ती उत्तरात परत देते. युक्ती झकास आहे, पण तिला इंटरनेट लागते, आणि काही राउटर खासगी पत्ता देणारे उत्तर संशयास्पद म्हणून गाळून टाकतात. तेव्हा होस्ट्स फाइलमध्ये नाव लिहिणे हा जुना मार्ग कामी येतो.

एचटीटीपी हा हाक मारण्याचा एकच प्रकार. लांबणारे काम असेल तर हाक मारणाऱ्याला ताटकळत ठेवण्यात अर्थ नसतो. ओपनफासमध्ये असिंक पत्त्यावर विनंती पाठवली की ती नॅट्सच्या रांगेत पडते, पाठवणाऱ्याला लगेच २०२ क्रमांकाची पोच मिळते आणि उत्तर नंतर सांगितलेल्या पत्त्यावर जाते. काफ्काचे संदेश, वेळापत्रक, फाइलसाठ्यातले बदल यांवर फंक्शन जागे करण्यासाठी केनेटिव्हचा इव्हेंटिंग हा वेगळा भाग आहे. घटनेचे वर्णन कसे असावे यावर एकवाक्यता आणणारा क्लाउड-इव्हेंट्स हा मसुदा २०१९ मध्ये पहिल्या पक्क्या आवृत्तीला पोचला. त्यामुळे एका यंत्रणेत तयार झालेली घटना दुसरीला समजते.

झोप आणि जाग

शून्यावर गेलेले फंक्शन जागे कसे होते, हा या विषयातला सर्वांत रंजक भाग. कुबरनेटिसचा स्वतःचा ऑटोस्केलर दर १५ सेकंदांनी प्रोसेसरचा किंवा मेमरीचा वापर पाहून पॉड वाढवतो-घटवतो. पण नेहमीच्या मांडणीत तो एकाच्या खाली जात नाही, आणि त्याला कारण आहे. पॉडच नसेल तर मोजायचे काय? वापर शून्य आहे म्हणून झोपवता येईल, पण जागे करण्याची खूण कुठून मिळणार?

केनेटिव्हने यावर दारात माणूस बसवला. गूगलने पिव्होटल, आयबीएम, रेड हॅट आणि सॅप यांच्या साथीने जुलै २०१८ मध्ये जाहीर केलेल्या या यंत्रणेत ॲक्टिव्हेटर नावाचा घटक असतो. फंक्शन झोपलेले असताना त्याच्या विनंत्या ॲक्टिव्हेटरकडे येतात. तो त्या हातात धरून ठेवतो, ऑटोस्केलरला कळवतो, पॉड उभा राहून तयार झाला की विनंती पुढे सोडतो. प्रत्येक पॉडमध्ये क्यू-प्रॉक्सी हा दुसरा छोटा कंटेनर असतो. एका वेळी किती विनंत्या आत आहेत हे तो मोजत राहतो. केनेटिव्ह पॉडची संख्या ठरवते ती या मोजणीवरून, प्रोसेसरच्या तापमापीवरून नव्हे. गेल्या ६० सेकंदांची सरासरी हा त्याचा नेहमीचा आधार. एकदम गर्दी उसळली तर शेवटच्या सहा सेकंदांकडे पाहणारी घबराटीची अवस्था सुरू होते आणि ती चालू असेपर्यंत पॉड कमी केले जात नाहीत.

यातले मूळ आकडे क्लाउडच्या मापाचे आहेत, घरी ते तपासून घ्यावे लागतात. एका पॉडमागे एका वेळी १०० विनंत्या हे उद्दिष्ट आणि त्याचा ७० टक्के वापर असे ते धरलेले असते. म्हणजे ३५० विनंत्या एकदम आल्या तर पाच पॉड. डेटाबेसमधून एक ओळ वाचून देणाऱ्या फंक्शनला हे ठीक. पण फोटो लहान करणाऱ्या, प्रोसेसर पिळणाऱ्या फंक्शनच्या एकाच पॉडवर चार कोअरच्या लॅपटॉपमध्ये ७० विनंत्या एकदम आल्या तर सगळ्याच रेंगाळतात. तिथे ही मर्यादा एक-दोनवर आणावी. आणि त्याबरोबरच पॉडच्या कमाल संख्येलाही कुंपण घालावे, कारण क्लाउडमध्ये वाढीचे छत इतके उंच असते की सहसा दिसत नाही, घरी ते डोक्याला लागते. जागा संपली की नवे पॉड 'पेंडिंग' अवस्थेत लटकतात. मेमरीची मर्यादा कमी पडली तर चालू पॉड १३७ या कोडने मारला जातो. हा क्रमांक दिसला की कोडमध्ये चूक शोधण्याआधी मेमरीची मर्यादा पाहावी.

केडा या साधनाने जाग आणण्याचा प्रश्न दुसऱ्या टोकाने सोडवला. मायक्रोसॉफ्ट आणि रेड हॅट यांनी २०१९ मध्ये सुरू केलेले केडा पॉडकडे पाहतच नाही, रांगेकडे पाहते. काफ्का, रॅबिट-एमक्यू किंवा रेडिसमध्ये किती काम साचले आहे हे ते विचारत राहते. पहिला संदेश दिसला की शून्याचा एक पॉड ते स्वतः करते. एकाच्या पुढची वाढ कुबरनेटिसच्या ऑटोस्केलरवर सोपवते. त्याला इमेजचा आकार किंवा फंक्शनची चौकट यांच्याशी काही देणेघेणे नाही. साधे डिप्लॉयमेंटही त्याच्या हाती देता येते. रांगेवरची कामेच जास्त असतील तर स्थानिक क्लस्टरवर केडा आणि साधे कंटेनर ही जोडी संपूर्ण फंक्शन यंत्रणेपेक्षा हलकी पडते, आणि हा पर्याय जितका विचारात घ्यायला हवा तितका घेतला जात नाही.

जागे होण्यातला उशीर, म्हणजे कोल्ड स्टार्ट, अनेक तुकड्यांचा बनतो: नोड ठरवणे, इमेज ओढणे, कंटेनर उभा करणे, भाषेचे वातावरण सुरू होणे, कोड आणि लायब्ररी लोड होणे, आणि शेवटी तयारीची तपासणी पार पडणे. इमेज नोडवर नसेल तर ओढण्याचा वेळ बाकी सगळ्यांना खाऊन टाकतो. ती आधीच नोडवर असेल तर हे तुकडे मिळून बहुधा सेकंद-दोन सेकंदांत आटोपतात. गो किंवा रस्टमधले फंक्शन चटकन उठते, मोठ्या चौकटीतले जावाचे फंक्शन आळस देत उठते. तयारीच्या तपासणीचे अंतर विनाकारण मोठे ठेवल्यानेही सेकंद वाया जातात. ज्याला उशीर परवडत नाही अशा एखाद्या फंक्शनची एक प्रत कायम जागी ठेवणे, यात तत्त्वाचा पराभव नाही.

कोणती यंत्रणा घ्यावी

आयबीएमने २०१६ मध्ये उघड केलेले आणि नंतर अपाचेकडे गेलेले ओपनव्हिस्क या क्षेत्रातले थोरले. पण त्याच्या पोटात काफ्का, काउच-डीबी, कंट्रोलर, इन्व्होकर असा मोठा गोतावळा आहे. लॅपटॉपवर फंक्शनआधी यंत्रणेलाच धाप लागते. ओरॅकलचे एफ-एन २०१७ चे. कंटेनरकेंद्रित आणि नेटके, पण कुबरनेटिसच्या जगात त्याचा जम बसला नाही. इस्रायलच्या इग्वाझिओचे न्यूक्लिओ विदाप्रवाह आणि वेगवान प्रक्रिया यांसाठी घडवलेले आहे आणि त्या कामापुरते उत्तम.

केनेटिव्ह आज सर्वांत भक्कम पायावर उभे दिसते. त्याची पहिली पक्की आवृत्ती नोव्हेंबर २०२१ मध्ये आली आणि २०२२ मध्ये ते क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशनकडे गेले. गूगलचे क्लाउड रन त्याच्याच रचनेची भाषा बोलते, त्यामुळे घरी लिहिलेले वर्णन थोड्या फेरफाराने तिकडे नेता येते. विनंत्या वळवण्यासाठी सोबत इस्टिओ बसवले तर ते जड होते. कुरिअर हा हलका पर्याय घेतला तर चाचणीपुरता क्लस्टर तीन कोअर आणि तीन जीबी मेमरीत मावतो. ओपनफास शिकायला सर्वांत सोपे, पण शून्यावर नेण्याची सोय आता त्याच्या विकतच्या आवृत्तीत आहे आणि मोफत आवृत्तीच्या व्यावसायिक वापरावर मर्यादा आहेत. परवाना वाचूनच हात घालावा. क्लस्टरही नको असेल तर फास-डी हे त्याचे भावंड एका यंत्रावर नुसत्या कंटेनर-डीवर चालते.

लॅम्डावर जाणाऱ्या कोडची घरी चाचणी घ्यायची असेल तर यांपैकी काहीच कामाचे नाही. केनेटिव्हवर चाललेले फंक्शन लॅम्डावर चालेलच असे नाही. तिथली परवानग्यांची व्यवस्था, १५ मिनिटांची कमाल मुदत, घटनेचा साचा हे सगळे वेगळे. त्या कामाला ॲमेझॉनचे सॅम किंवा लोकलस्टॅक यांसारखी नक्कल करणारी साधने आहेत, आणि तीही परवानग्यांच्या बाबतीत मूळ सेवेची हुबेहूब जागा घेत नाहीत.

साठवण, सुरक्षा आणि कायमचा क्लस्टर

फंक्शनच्या पोटात काहीही साठवू नये हा नियम क्लाउडवर जितका खरा तितकाच घरी, पण घरी तो मोडण्याचा मोह जास्त. नोडची डिस्क समोरच असते आणि एखादी फाइल तिथे लिहिली की काम होते. दुसरा नोड जोडला जाईपर्यंत होतच राहते. मग पॉड कधी या नोडवर उठतो, कधी त्या, आणि फाइल अर्ध्या वेळा सापडत नाही. पोस्टग्रेस, रेडिस किंवा मिनिओसारखा साठा क्लस्टरवर किंवा शेजारी ठेवून फंक्शनने तिथेच वाचावे-लिहावे. फंक्शन पटापट वाढतात तेव्हा डेटाबेसच्या जोडण्याही तशाच वाढतात हे ध्यानात हवे. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० जोडण्यांची; प्रत्येकी दहा जोडण्या उघडणारे दहा पॉड तिला संपवायला पुरेसे.

कंटेनरच्या भिंती पातळ असतात. एका नोडवरचे सगळे कंटेनर एकच कर्नल वापरतात. फंक्शन आपलीच असतील तर रूट नसलेला वापरकर्ता, मेमरी-प्रोसेसरच्या मर्यादा आणि नेटवर्कचे नियम एवढी शिस्त पुरते. कुबरनेटिसच्या सीक्रेटमधील मजकूर नुसता बेस-६४ मध्ये फिरवलेला असतो, कुलूपबंद नसतो, हेही विसरू नये. परक्यांचा कोड चालवायचा असेल, विद्यार्थ्यांच्या गृहपाठाचे प्रोग्रॅम तपासणारी यंत्रणा हे त्याचे नेहमीचे उदाहरण, तर भिंत जाड करावी लागते. गूगलचे जी-व्हायजर फंक्शन आणि कर्नल यांच्यामध्ये स्वतःचा पडदा धरते. काटा कंटेनर प्रत्येक पॉडला छोटे व्हर्च्युअल मशीन देते. लॅम्डाच्या मुळाशी असलेले फायरक्रॅकर ॲमेझॉनने २०१८ मध्ये खुले केले. रस्टमध्ये लिहिलेले हे साधन सुमारे १२५ मिलिसेकंदांत मशीन उभे करते आणि प्रत्येकामागे पाच एमबीहून कमी मेमरीचा भार टाकते. मात्र त्याला प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय थेट लागते, आणि आधीच व्हर्च्युअल मशीनमध्ये असलेल्या डॉकरच्या आत ती मिळणे अवघड असते. वेब-असेंब्ली हा आणखी वेगळा रस्ता. त्यात कंटेनरऐवजी मिलिसेकंदांत उठणारे, बंदिस्त छोटे मॉड्यूल चालते. स्पिनसारख्या चौकटी ते कुबरनेटिसवर आणतात. भाषा आणि लायब्ररींचा आधार अजून कंटेनरइतका रुंद नाही, पण जागे होण्याचा उशीर हीच मुख्य अडचण असेल तिथे तो तपासण्यासारखा आहे.

चाचणीचा क्लस्टर मोडून पुन्हा उभारता येतो, म्हणून त्याची निगा हा प्रश्नच नसतो. कायम चालणाऱ्याची गोष्ट वेगळी. कुबरनेटिसच्या वर्षाला तीन आवृत्त्या येतात आणि प्रत्येकीला साधारण १४ महिने आधार मिळतो. फंक्शनच्या यंत्रणेची कोणती आवृत्ती कोणत्या कुबरनेटिसवर चालते हा ताळाही दर वेळी जुळवावा लागतो. फंक्शनची वर्णने गिटमध्ये असतील तर क्लस्टर गेला तरी ती परत लावता येतात, पण सीक्रेट आणि रांगेत अडकलेले संदेश तिथे नसतात. एटसीडीची किंवा के-थ्री-एसच्या एस-क्यू-लाइट फाइलची वेगळी प्रत काढावी लागते. क्लस्टरची आतली प्रमाणपत्रे एक वर्षाची असतात. के-थ्री-एस मुदत जवळ आल्यावर पुन्हा सुरू केले की ती आपोआप नवी करते. क्यूब-ॲडमने उभारलेल्या क्लस्टरमध्ये ती आवृत्ती बदलताना नवी होतात. वर्षभर कोणी हातच लावला नाही तर एके दिवशी क्लस्टर कोणताही आदेश घेईनासा होतो, आणि आधीपासून जागी असलेली फंक्शन मात्र काही काळ पूर्वीसारखीच उत्तरे देत राहतात.